फोटो छापण्याआधी विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नवरात्रात आमच्या वस्तीत सौंदर्य स्पर्धा झाली. तिचा फोटो आपल्या शहर पानावर आला आणि खाली ओळ होती, ‘तृतीयपंथीयांचा धिंगाणा’. मी पिंप्राळ्यात ब्लाऊज शिवते. फोटोतल्या निम्म्याजणींच्या अंगात माझ्या मशीनवरचे ब्लाऊज आहेत, म्हणून मीच लिहायला बसले.

त्या सगळ्या तृतीयपंथी नाहीत. काही आहेत. बाकीची पोरं त्या रात्रीपुरती साडी नेसतात आणि सकाळी पँट-शर्ट घालून कामावर जातात. कुणी चटईच्या कारखान्यात आहे, कुणी डाळ मिलमध्ये पोती उचलतं, चोपड्याकडचा एकजण केळीचे घड वाहतो. आपला बातमीदार स्पर्धा सुरू होण्याआधीच फोटो काढून निघून गेला. जिंकलं कोण, हेसुद्धा बातमीत नाही. कुस्तीच्या दंगलीची बातमी आपण अशी छापाल का?

त्या फोटोतल्या एकाला मुकादमाने दोन दिवसांनी पेपरची घडी दाखवली, हिशोब हातात ठेवला आणि उद्यापासून येऊ नको म्हणाला. कोणता, ते मी सांगणार नाही. स्टेजवर चढल्यावर फोटोची लाज कसली, असं आमच्या घरातही बोललं गेलं. पण मांडवात बसले होते ते वस्तीतले लोक. त्यांना कोण कोणाचा पोरगा ते ठाऊक असतं आणि तरी ते टाळ्या वाजवतात. मुकादम मांडवात नव्हता, त्याच्यापर्यंत फोटो आपण पोहोचवला.

धिंगाणा म्हणता, तर त्यामागची मेहनत सांगते. पुरुषाच्या अंगाला बाईचा ब्लाऊज नुसता मोठा करून बसत नाही. खांदा रुंद, दंडघेर जास्त, छाती सपाट. कटोरी घातली की चुण्या पडतात. प्रिन्सेस कट घ्यावा लागतो, आत अस्तराला स्पंजचे कप टाचावे लागतात आणि मुंढा सैल ठेवावा लागतो, नाहीतर हात वर केला की शिवण उसवते. कंबर दिसावी म्हणून ही पोरं गादीवाल्याकडून फोमचे तुकडे आणतात, ते कापून नितंबाला लावतात. दाढीची हिरवट झाक जावी म्हणून आधी गालावर लाल लिपस्टिक चोळतात, त्यावर फाउंडेशन. हे सगळं दिवसाची पाळी करून. प्रवेश फीच एका दिवसाच्या हजेरीएवढी आहे.

माझी तक्रार आयोजकांवरही आहे, तीही छापा. परीक्षक बाहेरून आणले होते. चोपड्याच्या पोराला विचारलं, जिंकलीस तर काय करशील? तो अहिराणीत म्हणाला, “पयले मायनी साडी धुईसन पेटीमा ठेवसू, तिले आजून मालूम नही.” मांडव हसून लोटपोट. परीक्षकबाई म्हणाल्या, शुद्ध मराठीत बोला. पहिला नंबर मुंबईहून भाड्याने गाऊन आणलेल्या गोऱ्या पोराला गेला. न्यूयॉर्कमध्ये १९६७ साली अशाच स्पर्धेत मुकुट गोऱ्या स्पर्धकाच्या डोक्यावर गेला, तेव्हा क्रिस्टल लाबेजा ही काळी स्पर्धक तिथेच भांडली होती. पुढे तिथल्या हार्लेम या काळ्या लोकांच्या वस्तीत तिने आपल्या लोकांसाठी वेगळा ‘बॉल’, म्हणजे अशीच सजण्या-मिरवण्याची स्पर्धा, भरवला. हे मला माझ्या एका गिऱ्हाइकानेच मोबाइलवर दाखवलं. आमच्या सावळ्या पोरांनी हे लक्षात ठेवावं.

अशा वेळी बालगंधर्वांचा दाखला द्यायची पद्धत आहे. जळगावात त्यांच्या नावाचं खुलं नाट्यगृह असल्यामुळे तो सोपाही पडतो. मला तो पटत नाही. त्यांचे शालू नाटक मंडळीच्या पैशातून यायचे, इथे आईच्या पेटीतून येतात. त्यापेक्षा तमाशातल्या गवळणीतली मावशी आमच्या जवळची. ती बाप्याच असते, आणि तिला पाहून कुणी धिंगाणा म्हणत नाही.

नाव छापूच नका असं माझं म्हणणं नाही. २०२१ मध्ये आपल्या जिल्ह्यात भादली बुद्रुकच्या ग्रामपंचायतीवर तृतीयपंथी अंजली पाटील निवडून आल्या. महिला राखीव जागेसाठीचा त्यांचा अर्ज नाकारला गेला, तेव्हा त्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेल्या होत्या. त्या उमेदवार म्हणून लोकांसमोर उभ्या होत्या, त्यांचं नाव-गाव यायलाच हवं होतं. तमिळनाडूत कूवागमला तृतीयपंथीयांची यात्रा भरते, त्या वेळी मिस कूवागम निवडतात, तिथेही विजेतींची नावं पेपरात येतात. आमच्याकडेही दोघी-तिघी नाव छापून आलं तर खूश होतील. इतरांचं घर मोडेल. कोणाचं काय, ते विचारल्याशिवाय कळत नाही.

पुढची स्पर्धा होळीनंतर आहे. बातमीदाराला जरूर पाठवा. मेकअप चालतो त्या खोलीत त्याने आधी यावं, ज्या हो म्हणतील त्यांचेच फोटो घ्यावेत, नाव त्या सांगतील तेच लिहावं आणि निकाल लागेपर्यंत थांबावं. रात्रीचा एक वाजतो, चहा आम्ही देऊ.

माझं नाव कृपया छापू नये. माझ्याकडे शाळेतल्या बाईंपासून पोलीस लाइनीतल्या वहिनींपर्यंत सगळ्यांचे ब्लाऊज शिवायला येतात.

आपली एक वाचक,
पिंप्राळा, जळगाव