सांगलीच्या आडतीवरून मणेराजुरीच्या ताईला

प्रिय ताई,

फोनवर आभार मानले असते तर "त्यात काय एवढं काका" म्हणून तू विषय संपवला असतास. म्हणून हे चारचौघांत. वयानं तू माझ्या लेकीएवढी, तेव्हा अगं-तुगं करतोय.

2019 च्या पुरात गावभागातल्या घरी ठेवलेल्या जुन्या पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्यांच्या मालविक्रीच्या हिशेबाचे कागद, भिजल्या. उन्हात वाळवून, उलगडतील तेवढ्या स्कॅन केल्या. त्या तालुका, मग गाव, मग वर्ष अशा लावायच्या म्हणून मी पायथॉन ही प्रोग्राम लिहायची भाषा शिकायला बसलो. मुनीम माणूस, पण हौस दांडगी.

तू वडिलांबरोबर बेदाण्याच्या सौद्याला आली होतीस. त्यांना 2017 ची पट्टी हवी होती आणि माझा प्रोग्राम नेमका तासगावलाच अडत होता. मिरज चालतंय, वाळवा चालतंय, तासगाव नाही! तू एररची ओळ वाचलीस आणि हसलीस. फोल्डरच्या पत्त्यात इतर ठिकाणी बॅकस्लॅश, म्हणजे त्या तिरक्या रेघा, दोन-दोन दिसत होत्या, तासगावच्या आधी एकच. बॅकस्लॅशला लागून टी आला की पायथॉन त्याचा टॅब, म्हणजे मोकळी जागा, करतं, हे मला कोण सांगणार होतं? तिरकी रेघ उलट्या बाजूला कलवलीस आणि तासगाव सुरू झालं.

खरी गोम पुढं होती. एमकेडिर ही फोल्डर बनवायची आज्ञा मधलं गाव नसेल तर वर्षाचा फोल्डर करत नाही, एरर देते. मी वैतागून ती ओळच काढली होती आणि एक अख्खा रविवार घालवून गावं हातानं केली होती. वर्षं कॉपी करताना आपोआप होतील, असा माझा समज. झालंही काहीतरी, एरर एकही नाही. तू मात्र सलगरे उघडून विचारलंस, "काका, हे 2018 फोल्डर आहे की फाईल?"

फाईल! 2018 नावाचा फोल्डरच नव्हता, म्हणून कॉपीनं ते फाईलचं नाव धरलं आणि प्रत्येक स्कॅन आधीच्यावर चढवत गेली. वर्षभराच्या पट्ट्यांतली शेवटची तेवढी उरली. माझ्या पोटात गोळा आला. तुझा पहिला प्रश्न होता, "मूळ स्कॅन आहेत ना? हलवले नाहीत ना, कॉपीच केलेत?" होते. नशीब.

मग आधी त्या खोट्या फायली तू माझ्याकडूनच पुसून घेतल्यास, कारण त्या नावाची फाईल बसलेली असेल तर फोल्डर होतच नाही. एमकेडिरच्या जागी मेकडर्स, त्यात 'एक्झिस्ट ओके' ट्रू, म्हणजे गाव नसेल तर गावासकट होतं आणि आधीच असेल तर कुरकुर नाही. कॉपीच्या जागी कॉपी टू, म्हणजे स्कॅन केल्याची तारीख टिकते. की-बोर्डला मात्र हात लावला नाहीस. माझ्याच बोटांनी लिहायला लावलंस. बाहेर तोलाईवाला वडिलांच्या नावानं हाका मारत होता, तरी ट्रूचं स्पेलिंग माझं मला सापडेपर्यंत थांबलीस.

दुसऱ्या दिवशी सगळं परत चालवलं. तासगाव, मणेराजुरी, 2017 उघडलं. वडिलांची पट्टी आहे, एका कोपऱ्याला पुराचा डाग आहे, पण वजन आणि दर स्वच्छ वाचता येतात. छापून ठेवलीय. पुढच्या सौद्याला याल तेव्हा घेऊन जा, आणि या वेळी चहा न घेता जाऊ नकोस.

तुझा,
आडतीवरचा मुनीमकाका