दुसरे हेलिकॉप्टर घेताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या सुट्टीत आणलेले रिमोटचे हेलिकॉप्टर माजघरात सराईतपणे फिरू लागले की मुले ‘आता मोठे घेऊया’ म्हणून मागे लागतात. हे दुसरे हेलिकॉप्टर निवडताना किनारपट्टीवरच्या पालकांनी आकार आणि जाहिरातीतल्या कसरतींना न भुलता वारा आणि सुटे भाग यांचा आधी विचार करावा, एवढे सुचवण्यासाठी हे पत्र.

पहिले हेलिकॉप्टर बहुधा एकाच दांड्यावर परस्परविरुद्ध फिरणाऱ्या दोन पंख्यांचे असते. ते आपोआप स्थिर राहते खरे, पण पुढे फारसे झुकत नसल्याने खळ्यात नेल्यावर थोड्याशा वाऱ्यानेही माडाच्या झावळांत जाऊन अडकते; शिवाय स्वस्त खेळण्यांचे रिमोट अवरक्त किरणांवर चालत असल्याने भर उन्हात ते नीट काम करत नाहीत.

यानंतर अनेकजण थेट ‘कलेक्टिव्ह पिच’ प्रकाराकडे वळतात. त्यात पंख्याची गती जवळपास तीच राहते आणि पात्यांचा कोन बदलून उंची कमी-जास्त करता येते, त्यामुळे वाऱ्याच्या झोतातही यंत्र चटकन सावरता येते. कोकणच्या हवेला खरे तर हेच मानवेल. परंतु नवख्याच्या हातून रिमोटची काडी जराशी जास्त ढकलली गेली तर एकाच आपटीत पाती, मुख्य दांडा आणि एखादा सर्व्हो (पात्यांचा कोन बदलणारी छोटी मोटर) निकामी होतो. म्हणून माझ्या मते मधली पायरी गाळू नये. एक मुख्य पंखा, शेपटीला छोटा पंखा, पात्यांचा कोन कायम, चार चॅनेल (म्हणजे रिमोटवरून स्वतंत्रपणे देता येणाऱ्या चार आज्ञा), २.४ गिगाहर्ट्झचा रिमोट आणि सहा अक्षांचा जायरो (तोल सावरणारा संवेदक) असलेले, २५० ग्रॅमच्या आतले हेलिकॉप्टर घ्यावे. ‘ड्रोन नियम, २०२१’नुसार २५० ग्रॅमपर्यंतचे यान ‘नॅनो’ गटात येते आणि ते उडवण्यासाठी रिमोट पायलटचे प्रमाणपत्र लागत नाही. तरीही चिपी विमानतळाच्या आसपासच्या गावांतील हौशी मंडळींनी कुठे उडवता येते हे दाखवणारा, ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा आधी पाहावाच.

कायम कोनाच्या या मधल्या प्रकारात उंची पंख्याच्या गतीवर अवलंबून असल्याने झोताला प्रतिसाद उशिरा मिळतो. त्यामुळे हिवाळ्यात मतलई वारा पडल्यावर आणि खारा वारा सुटण्यापूर्वी सकाळी जी निवांत वेळ मिळते, तीच साधावी. पुळणीवर मात्र उडवू नये, कारण आपल्या काही किनाऱ्यांवरच्या काळ्या वाळूतले लोहयुक्त कण मोटरच्या चुंबकाला चिकटतात, आणि साधी वाळूही गिअरचे दात झिजवते. कातळाच्या सड्यावर जागा ऐसपैस असली तरी आपटी महागात पडते. त्यापेक्षा भात कापलेला मळा बरा. तिथे आधी शेपूट आपल्याकडे ठेवून एका जागी तरंगवण्याचा सराव करावा, कारण तोंड आपल्याकडे वळले की डावे-उजवे उलटते आणि मोठी माणसेही गोंधळतात. तो गोंधळ संगणकावरील सिम्युलेटरवर फुकटात निस्तरता येतो.

राहता राहिले सुटे भाग. पाती, दांडा, मुख्य गिअर आणि शेपटीची मोटर सुटी मिळते का, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे आणि पात्यांचा एक जादा जोड हेलिकॉप्टरबरोबरच मागवावा. पावसाळ्यात खेळ बंद राहणार असेल, तर लिथियम पॉलिमर बॅटरी पूर्ण भरून न ठेवता प्रत्येक सेलमागे सुमारे ३.८ व्होल्टवर ठेवावी. सुटे भाग मिळत नसतील, तर कितीही देखणे असले तरी ते हेलिकॉप्टर घेऊ नये.

आपला,
एक वाचक, देवगड