ई-मेल व स्मरणपत्रांसोबत ध्वनिमुद्रण जोडण्याबाबत सूचना

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, ज्येष्ठ सभासदांना मोबाइलवरील बारीक अक्षरे वाचण्याचा त्रास होऊ नये, म्हणून यापुढे सभेच्या ई-मेलसोबत आणि कामांच्या स्मरणपत्रांसोबत ध्वनिमुद्रणही पाठवावयाचे आहे.

ध्वनिमुद्रण मजकुरातच बसवू नये, कारण अनेक ई-मेल प्रोग्राम ते तेथे वाजवत नाहीत. ते स्वतंत्र फाइल म्हणून, शक्यतो एमपी३ (कमी जागा घेणाऱ्या ध्वनिफाइलच्या) स्वरूपात जोडावे. सीडीच्या दर्जाची वेव्ह (आवाज न आकुंचविता साठवणारी) फाइल मिनिटाला सुमारे १० एमबी जागा घेते, तर ६४ केबीपीएसची (सेकंदाला ६४ किलोबिट वेगाची) एमपी३ फाइल मिनिटाला जेमतेम अर्धा एमबी घेते आणि बोललेले शब्द तीतही स्वच्छ ऐकू येतात. स्मरणपत्र म्हणून केलेल्या गूगल कॅलेंडरच्या नोंदीला गूगल ड्राइव्हवरील (गूगलच्या ऑनलाइन साठवणुकीतील) फाइल जोडल्यास ती सर्वांना उघडता येते ना, याची खात्री करावी.

गेल्या महिन्यात मी दादर स्थानकाच्या फलाटावरून घाईघाईत केलेल्या ध्वनिमुद्रणात गाडीच्या उद्घोषणेखाली नेमकी तारीखच बुडाली आणि दोन वयस्क सभासदांना हेलपाटा पडला, याचे मला मनापासून वाईट वाटते. म्हणून कृपया घरात, पंखा बंद करून, फोन तोंडापासून वीतभर अंतरावर धरून सावकाश बोलावे. तारीख, वेळ आणि ठिकाण सुरुवातीलाच दोनदा सांगावे, आणि हेच तपशील ई-मेलमध्ये लेखीही द्यावेत, कारण आपल्यातील काहींना कमी ऐकू येते व गर्दीच्या लोकलमध्ये तर कोणालाच नीट ऐकता येत नाही.

– सचिव