मोजल्याशिवाय पीटीटी (बोलायचं बटण) दाबू न देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

हँडीची (हातात धरायच्या रेडिओ सेटची) वारंवारता-मर्यादा, म्हणजे ती ज्या वारंवारतांवर बोलू देते ती कक्षा, वाढवण्याबद्दल तुम्ही लिहिलेलं टिपण आम्ही बरेच हॅम (परवानाधारक हौशी रेडिओवाले) वापरतो आणि कुठे अडलं की तुम्हालाच गाठतो. तुम्ही कधी कुणाला परत पाठवलं नाहीत. त्याबद्दल जाहीरपणे आभार मानावेत, म्हणून हे पत्र.

‘अमुक रेझिस्टर काढा, रिसेट मारा, झालं’ एवढीच माहिती सगळीकडे मिळते. तुमचं टिपण मात्र ‘कशासाठी उघडायचंय?’ इथून सुरू होतं. तिथेच निम्मे लोक गळतात आणि ते बरंच आहे. नुसतं ऐकायचं असेल तर बहुतेक सेटचा रिसीव्हर मुळातच रुंद असतो, त्याला हात लावायची गरज नसते. हॅमसाठीचा दोन मीटरचा बँड आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) पहिल्या विभागात १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ, तर दुसऱ्या-तिसऱ्या विभागात १४८ पर्यंत. पहिल्या विभागासाठी बनलेला सेट दुसरीकडे वापरायचा असेल आणि तिथल्या परवान्यात वरचे दोन मेगाहर्ट्झ बसत असतील, तर हा खटाटोप करण्यात अर्थ आहे. विमानांचा १२१.५ किंवा जहाजांचा १५६.८ मेगाहर्ट्झ हा आकडा डिस्प्लेवर आला म्हणजे तिथे बोलायची परवानगी मिळाली असं होत नाही, हे तुम्ही पहिल्याच पानावर ठणकावून सांगितलंय. शिवाय विमानांचा बँड एएमवर चालतो, आपली हँडी एफएमवर.

सगळ्यात जास्त सेट वाचले असतील ते रिसेटबद्दलच्या तुमच्या परिच्छेदामुळे. बऱ्याच जपानी सेटमध्ये बोर्डवर शून्य ओहमचे काही चिप रेझिस्टर, डायोड किंवा सोल्डरचे जोड असतात. ते कुठे आहेत आणि कुठे नाहीत यावरून कंट्रोलर (सेट चालवणारी चिप) ठरवतो, की हा सेट कोणत्या देशासाठी बनलाय. पण ही मांडणी तो रिसेट होतानाच वाचतो. रेझिस्टर काढला, सेट चालू केला, काहीच बदललं नाही, की माणूस घाबरतो आणि शेजारचाही काढतो. मग रिसेट केल्यावर भलत्याच देशाची पायरी (वारंवारता बदलण्याचं अंतर) आणि भलताच शिफ्ट (रिपीटरवर बोलण्या-ऐकण्याच्या वारंवारतांतला फरक) समोर येतो. म्हणून तुमचा क्रम आम्ही पाठच केलाय: आधी सगळ्या मेमऱ्या संगणकावर उतरवायच्या, मूळ बोर्डचा जवळून फोटो काढायचा, बॅटरी काढायची, एकच बदल करायचा, पूर्ण रिसेट करायचा आणि मगच पुढचं.

सोल्डरिंगबद्दलही तुम्ही हातचं राखलं नाहीत. ०४०२ मापाचा रेझिस्टर म्हणजे १ मिलिमीटर लांब, अर्धा मिलिमीटर रुंद. त्यावर आकडाही छापलेला नसतो. तो चिमट्याने ओढला की खालचा तांब्याचा पॅड उखडून येतो. तुमची रीत अशी: मनगटाला अर्थिंगचा पट्टा, बारीक टोकाचं आयर्न साधारण ३३० अंशांवर, आधी फ्लक्स, मग दोन्ही टोकं एकदम झाकतील एवढा ताज्या सोल्डरचा थेंब. दोन्ही बाजू एकाच वेळी वितळल्या की तुकडा आयर्नच्या टोकाला चिकटून आपोआप उचलला जातो, ओढावा लागत नाही. उरलेलं सोल्डर तांब्याच्या वेणीने टिपायचं आणि दोन पॅडमध्ये पूल राहिला नाही ना, ते भिंगाखाली बघायचं. काढलेला तुकडा चिकटपट्टीने कागदावर लावून त्यावर जागेचा क्रमांक लिहून ठेवायचा. सेट पूर्ववत करायची वेळ आली की त्या कागदाची किंमत कळते.

बंद करतानाच्या खुब्या दोन ओळींत आहेत, पण मोलाच्या. लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या जागी गेला तर बोर्डला भिडतो. रबरी कडी खाचेत नीट बसली नाही तर सेट पाणीरोधक राहत नाही. आणि चपट्या केबलचं कुलूप आधी उचलायचं, मगच केबल सोडवायची.

बाओफेंग यूव्ही-५आरसारख्या सेटमध्ये आयर्न लागतच नाही, मर्यादा मेमरीत असते आणि चर्प या संगणकावरच्या सॉफ्टवेअरमधून बदलता येते. तिथे तुमची ताकीद एकच: दुसऱ्या फर्मवेअरच्या (आतल्या सॉफ्टवेअरच्या) सेटची फाइल कधीही ओतायची नाही.

मर्यादा उघडली म्हणजे सेट तिथे चालेलच असं नाही, ही गोष्ट तुम्ही आम्हाला मीटरवर दाखवलीत. व्हीसीओची (वारंवारता तयार करणाऱ्या भागाची) झेप संपली की त्याला जागेवर धरणाऱ्या पीएलएलचं लॉक सुटतं. आकडा दिसतो, पण वाहक लहर बाहेर पडत नाही. त्याआधीच पॉवर ॲम्प्लिफायरची जुळणी बिघडते. तुमचंच उदाहरण देतो. ७.२ व्होल्टवर १.५ अँपिअर घेऊन सेट ५ वॉट देतो, म्हणजे जवळपास ६ वॉट उष्णता होते. बँडपासून दूर तोच सेट १.८ अँपिअर घेऊन ३ वॉट देऊ लागला, तर उष्णता १० वॉटवर जाते आणि फायनल ट्रान्झिस्टर जळायला वेळ लागत नाही. म्हणून ५० ओहमचा डमी लोड (अँटेनेच्या जागी पॉवर जिरवणारा रेझिस्टर), वॉटमीटर आणि बॅटरीच्या तारेत अँपिअरमीटर लावायचा, कमी पॉवर ठेवायची, पाच सेकंद पीटीटी दाबायचं आणि दर दोन मेगाहर्ट्झला एक नोंद करायची. अँटेना नंतर. १४५ मेगाहर्ट्झला पाव लहरीची अँटेना जेमतेम ४९ सेंटिमीटर, १६० ला साडेचव्वेचाळीस. त्यामुळे रबरी अँटेनेवर घेतलेल्या मापावरून दोष सेटचा की अँटेनेचा, हे कळणार नाही.

हार्मोनिक (मूळ वारंवारतेच्या दुप्पट-तिप्पट उमटणारे नको असलेले सिग्नल) तपासताना एसडीआर डोंगल (संगणकाला लावायचा छोटा रिसीव्हर) सेटला थेट जोडायचा नाही, तो जळेल. थोड्या अंतरावर छोटी तार लावून ऐकायचं. मग सिग्नल कमी करणारा १० डेसिबलचा ॲटेन्युएटर तार आणि डोंगलच्या मध्ये घालायचा. शिखर १० डेसिबलनेच उतरलं तर ते खरं, २० किंवा ३० ने कोसळलं तर ते डोंगलने स्वतःच तयार केलेलं. एवढी सोपी पारख दुसऱ्या कुणी सांगितली नव्हती.

एक विनंती आहे. पुढच्या आवृत्तीत एवढं जोडाल का: मर्यादा वाढवल्यावर जुनी क्लोन फाइल (सेटमधून संगणकावर उतरवलेली पूर्ण नक्कल) तशीच ओतण्याऐवजी, नव्याने रिसेट केलेल्या सेटमधून ताजी फाइल उतरवून घ्यावी आणि जुन्या मेमऱ्या तिच्यात भराव्यात. नव्या मंडळींची गाडी सध्या इथेच अडते. मजकूर आम्ही लिहून देऊ, तुम्ही फक्त नजर टाका.

मनापासून आभार. ७३ (हॅमच्या भाषेत शुभेच्छा).

आपले,
तुमचं टिपण शेजारी ठेवून हँडी उघडणारे सगळे