ट्रंक बोहारणीला देऊ नका

वारजे, पुणे
रविवार, रात्री

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "दुकानातली पत्र्याची ट्रंक रिकामी करतोय, बोहारणीला बोलावलंय." मी "थांबा, थांबा" करून ओरडलो खरा, पण शिवणातून उरलेल्या त्या चिंध्या मला कशाला हव्यात हे धड सांगता येईना. शेवटी "हल्ली हातानं थोडं शिवतो" एवढंच कसंबसं बोललो. बाबा, तुम्ही हसलात, मग गप्प झालात आणि फोन आईकडे दिलात. म्हणून हे पत्र. फोनवर तुमच्याशी बोलताना मी अजून दहावीतच असतो.

आधी हे सांगतो की नोकरी शाबूत आहे, पगार वेळेवर होतो, घरात भांडण नाही. चिंध्या जोडायची वेळ आलेली नाही.

सुरुवात चिऊच्या शाळेमुळे झाली. "टाकाऊतून टिकाऊ" म्हणून कापडी पिशवी करून न्यायची होती. खालच्या मजल्यावर ब्लाउज शिवणाऱ्या ताई आहेत, त्यांच्याकडून मूठभर तुकडे आणले. नेहमीप्रमाणे चिऊ साडेनऊला झोपली आणि पिशवी माझ्या गळ्यात पडली. दोन टाके घालून उठू म्हणून बसलो. मान वर केली तेव्हा सव्वाबारा वाजले होते, आणि फोन आतल्या खोलीत चार्जिंगला लावलेला तसाच होता. मधल्या वेळात मला त्याची आठवणसुद्धा झाली नव्हती. तुम्हाला यात काही विशेष वाटणार नाही. सूनबाईला विचारा.

ऑफिसात मध्यंतरी मन शांत करायचं एक शिबिर झालं. डोळे मिटा, श्वासाकडे बघा. मी श्वासापेक्षा घड्याळाकडेच जास्त बघितलं. सुईपुढे ती सोय नाही. लक्ष उडालं की ती बोटात घुसते, हिशोब तिथल्या तिथे चुकता. अंगुस्तान आणलंय बोहरी आळीतून, पण घालायला विसरतो.

आता त्या ताई दर शनिवारी पिशवी भरून तुकडे देतात. पिशवी उघडली की बाहेर कुठला महिना चालू आहे ते कळतं. जूनमध्ये गणवेशाच्या चौकटी निघतात, गौरी-गणपतीच्या आधी खण, आणि दिवाळीपासून पुढे लग्नसराईभर नुसतं ब्रोकेड आणि काठ. अस्तराचे तुकडे बाराही महिने. मी सुतीच वेचून घेतो. सॅटिन हातातून निसटतं आणि जॉर्जेटच्या कडा बघता बघता सुटतात.

माप घेत नाही, खडूनं आखत नाही. बाबा, इथे तुमच्या कपाळाला आठी पडणार. खाली जुन्या चादरीचा तुकडा घेतो, वर एक चिंधी ठेवतो, तिच्या शेजारी कोणती शोभेल ते बघत बसतो. कधी यातच अर्धा तास जातो. मग कड नखानं आत दुमडायची, कच्चा टाका घालायचा आणि वरून धावदोरा. एकदा एक गुलाबी तुकडा काही केल्या सपाट बसेना. तीनदा उसवला. चौथ्यांदा दोन्ही हातांत धरून ओढून बघितला तर रबरासारखा लांबला. उरेब, म्हणजे धाग्याला तिरका, कापलेला होता! तुम्ही गिऱ्हाइकांना सांगायचात ना, "उरेब ओढ खातं, धाग्याला धरून कापू द्या." तीस वर्षं ते वाक्य कानात होतं, परवा बोटांत उतरलं.

टाके अजून वाकडेच आहेत. मशीनचे इंचाला दहा-बारा पडतात, माझे चार-पाच, तेही एक उंदराचा नि एक हत्तीचा. आणि आई, हसू नकोस, एकदा मांडीवर घेऊन तासभर शिवलं आणि उठलो तर तुकडा पायजम्यासकट उठला. अंगावरच्या कपड्याला सुई लावू नये म्हणायचीस, ते यासाठीच असणार.

दोरा मात्र तुझ्याच मापाचा घेतो, बोटाच्या टोकापासून कोपरापर्यंत. "लांब घेतलास तर गाठीच सोडवत बसशील." दुकानावर नाव बाबांचं होतं, पण काजं, बटणं, तुरपाई सगळी तुझी. दिवे गेले की कंदिलाजवळ बसायचीस आणि हाक मारायचीस, "दोन सुया ओवून दे रे." त्या दुकानात मला करू दिलेलं काम तेवढंच. मशीनवर बसलो त्या दिवशी बाबांनी कान पिरगाळून उठवलं होतं. "सुई धरलीस तर जन्मभर मान खाली घालून बसशील." बाबा, राग नाही. पण मी रोज नऊ-दहा तास मान खाली घालूनच बसतो, समोर लॅपटॉप असतो एवढंच.

या नादात बरंच वाचलं. कर्नाटकात यल्लापूर-हल्याळकडे सिद्दी लोक राहतात, त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आणलेले. त्यांच्या बायका जुन्या कपड्यांची कवंदी शिवतात, आपल्या वाकळीची बहीणच म्हण. कडेपासून सुरुवात करून चारी बाजूंनी आत आत येतात आणि शेवटी कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांची फुलं लावतात. फुलं नसली तर कवंदी उघडी राहिली म्हणतात. आई, वाकळीचे कोपरे तू कसे दुमडायचीस? माझे समोशासारखे फुगतात.

आणि बाबांसाठी. अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड म्हणून गाव आहे. तिथल्या काळ्या शेतकरी बायकांनी कामाच्या विटक्या पँटी आणि सदरे फाडून गोधड्या शिवल्या, थंडीत पांघरायला. २००२ साली त्या ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात भिंतीवर लागल्या आणि २००६ मध्ये त्यांची टपाल तिकिटं निघाली. फोटो आणतो. गुडघ्याजवळ न विटलेला गडद चौकोन दिसतो काही ठिकाणी, खिसा उसवून काढलेल्या जागेवरही. तुमच्या नजरेला पँटचा कुठला भाग ते लगेच कळेल.

तर ती ट्रंक. त्यात काय काय आहे ते मला अजून दिसतं. बँडवाल्यांच्या ड्रेसचं लाल कापड, हायस्कूलचं खाकी, कुणाच्या तरी लग्नातल्या सफारीचं राखाडी टेरिकॉट (त्यातून सुई जाता जाणार नाही, तरी हवंय), आणि बाबांच्या स्वतःच्या सदऱ्यांच्या निळ्या पट्ट्या. ते कापड नेहमी गिऱ्हाइकाच्या थानातून उरलेलं असायचं, त्यामुळे बाबांचा सदरा आणि गावातल्या कुणाचा तरी सदरा कायम जुळा. कुठला तुकडा कुणाचा हे तुम्हाला अजून सांगता येईल, माझी खात्री आहे. मी मागे चिकटपट्टीवर नावं लिहून ठेवणार आहे. तेव्हा ट्रंक तशीच राहू दे, धुऊ नका, इस्त्रीही नको.

आई, तुझी जुनी लुगडी मात्र तुला विचारल्याशिवाय कापणार नाही. हिरवं इरकल तर नाहीच. पण ते मळखाऊ रंगाचं, ज्याची तू माजघरात घडी करून ठेवलीस, ते आतल्या थरासाठी देशील का? अगदी मऊ झालंय. नसेल द्यायचं तर राहू दे.

डोळ्याच्या ऑपरेशननंतर सुईचं नेढं दिसत नाही म्हणालीस. येताना दहा सुया ओवून आणतो, फ्लॅनेलच्या तुकड्यावर रांगेनं टोचून. संपल्या की दुपारी पुन्हा ओवून देईन. डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तरच. थेंब घालायला विसरू नकोस.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सकाळच्या एसटीनं निघतो. बाबा, मोठी कात्री धार लावून ठेवाल? मी तिला कागद लावू देणार नाही, शप्पथ. आणि बोहारणीकडून आईला ते झाकणाचं पातेलंच हवं असेल, तर किती लिटरचं ते कळवा. तुळशीबागेतून घेऊन येतो.

तुमचा,
बाळू