त्या रिजेक्ट जॉबबद्दल, मामा

मामा, नमस्कार.

तुम्ही कॉलेजच्या मशीन शॉपमधून रिटायर झाल्याचं ज्युनिअरच्या ग्रुपवरून कळलं. फोटोत अंगावर शाल, हातात नारळ आणि चेहरा असा, की जणू तुम्हालाच कुणी तोंडी परीक्षेला उभं केलंय. समोर येऊन आभार मानले असते तर तुम्ही "बरं बरं, मशीन पुसलीस का?" एवढंच म्हणाला असता. म्हणून चारचौघांसमोर लिहिते, म्हणजे मधेच थांबवता येणार नाही.

प्रॉडक्शन इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला तेव्हा आमच्याकडे पलूसला सगळ्यांनी कपाळाला हात लावला होता. काका म्हणाले, पोरीच्या जातीनं कॉम्प्युटर घ्यावं, एसीत बसावं. एकटे आजोबा खूश. ते किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात मोल्डर, ओतकामाचे साचे करणारे, होते. १९१० साली माळरानावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना कसा उभा केला, हे ते असं सांगायचे, जणू स्वतः तिथं उभे होते. प्रत्यक्षात तेव्हा त्यांचा जन्मसुद्धा झाला नव्हता.

पण कॉलेजात आल्यावर मशीन शॉपमध्ये माझ्या वाट्याला काय आलं? वही. पाच जणांचा ग्रुप, त्यात मी एकटी मुलगी. "तुझं अक्षर चांगलंय, तू रीडिंग लिही." पहिले तीन आठवडे मी लेथपासून, म्हणजे धातू फिरवून कापायच्या मशीनपासून, चार फुटांवर उभी राहून दुसऱ्यांनी काढलेली मापं लिहिली. सरांना ते दिसत होतं की नाही, देव जाणे. तुम्हाला मात्र दिसलं. चौथ्या आठवड्याला तुम्ही माझ्या हातातली वही काढून त्या उंच पोराच्या हातात दिलीत आणि म्हणालात, "आज हिला चालवू दे. तू लिव्ह. अक्षर सुधारंल."

मग पहिला धडा ओढणीचा. ती खुंटीला. वेणी टोपीत. हातमोजे घालू का विचारलं तर तुम्ही असे बघितलंत की मी परत कधी विचारलं नाही. फिरत्या चकनं, म्हणजे लोखंड पकडून फिरवणाऱ्या जबड्यानं, मोजा पकडला तर हातही आत जातो, हे नंतर सांगितलंत. आणि एकदा चकची चावी चकमध्येच ठेवून मी स्विचकडे हात नेला. तेव्हाची तुमची आरोळी पार फाउंड्रीच्या शेडपर्यंत गेली होती. चावी गोळीसारखी सुटते, डोक्यात बसली तर खेळ खलास. आजही कुठल्याही मशीनजवळ गेले की आधी नजर चकवर जाते.

पुस्तकात कटिंग स्पीडचं गणित होतं. एचएसएसचं (हाय स्पीड स्टीलचं) कापायचं टूल, माइल्ड स्टील, मिनिटाला ३० मीटर; २५ मिमी व्यासाला उत्तर येतं ३८२ आरपीएम, म्हणजे मिनिटाला तेवढे फेरे. मी तो आकडा घेऊन आले आणि मशीनवरच्या पाटीत ३८२ शोधत बसले. तुम्ही हसलात. "गिअर जेवढे हायत तेवढंच मिळणार. खालचा जवळचा धर, चिपकडं बघ." चिप, म्हणजे कापून निघणारी धातूची साल, निळी पडायला लागली की स्पीड उतरवायचा, मशीन कुरकुरायला लागली की टूल किती बाहेर काढलंय ते बघायचं. पुढच्या वर्षी एफ. डब्ल्यू. टेलरचं टूल लाइफचं समीकरण, म्हणजे कुठल्या स्पीडला टूलची धार किती टिकते ते, शिकले. त्या माणसानं पंचवीसेक वर्षं धातू कापून प्रयोग केले आणि १९०७ साली ते सगळं मांडलं. तेव्हा वाटलं, हाही दिवसभर चिपकडं बघत उभा राहिलेलाच असणार. पुस्तकाला नावं ठेवणाऱ्यांतली मी नाही, मामा. एम थ्रीची केटी, म्हणजे राहिलेला गणिताचा पेपर, मला पुस्तकाशिवाय सुटली नसती. पण पुस्तकातलं नेमकं काय मशीनवर शोधायचं, ते तुमच्याकडून कळलं.

आता त्या जॉबचं. (जॉब म्हणजे मशीनवर घडवायचा तुकडा, हे बाकीच्यांसाठी.)

शेवटच्या वर्षी प्रोजेक्टला इंडेक्सिंग जिग (जॉब ठरावीक अंशांनी फिरवून पकडणारं साधन) घेतली होती. तिच्या पिनेला २५ मिमीवर जी ६ फिट (मापात किती फरक चालेल त्याची ठरलेली मर्यादा) दिलेली. म्हणजे माप २४.९८० ते २४.९९३ च्या आत, सगळा खेळ १३ मायक्रॉनचा, मिमीच्या तेरा हजारांशांचा. तुम्ही आधीच सांगितलं होतंत, हे ग्राइंडिंगवाल्याचं काम, लेथवर कशाला जीव काढतीस. पण माझा हट्ट. दुपारभर खपले. शेवटचा कट, जरा एमरी पेपर, मायक्रोमीटर लावला: २४.९८. काठावर, पण आत! मी पिन काढून नाचत तुमच्याकडे आले. तुम्ही ती हातात घेतलीत, चटका बसला तसा तळवा बदललात आणि पिन सरफेस प्लेटवर ठेवलीत. "हुंदे गार. चल, च्या पिऊन येऊ."

चहा पिऊन आलो. परत माप घेतलं. २४.९७.

मी तिथंच रडले, हे तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत, त्याचे आभार वेगळे. तुम्ही समजूतही काढली नाहीत. ब्रश घेतलात, पिनेवर रिजेक्टचा लाल पट्टा ओढलात आणि ती माझ्या हातात दिलीत. "ठिव जवळ. कमी झालेलं माप परत लावता येत न्हाई." दुसऱ्या दिवशी ग्राइंडिंगचं मशीन मोकळं मिळावं म्हणून दोन ठिकाणी तुम्हीच शब्द टाकलात आणि नवी पिन तिथं झाली.

रात्री हॉस्टेलवर मेट्रॉलॉजीची (मापनशास्त्राची) वही काढली. पोलाद एका अंशाला मीटरमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन फुगतं. पिन २५ मिमीची, आणि खोलीपेक्षा ४० अंशांनी तापलेली धरली तर फरक येतो बरोबर साडेअकरा मायक्रॉन. म्हणजे १३ मधले साडेअकरा नुसत्या उष्णतेनं खाल्ले होते. सकाळी मी ते गणित मशीनच्या ट्रेवर खडूनं मांडून दाखवलं. तुम्ही चष्मा लावून दोनदा वाचलंत आणि विचारलंत, "मग ॲल्युमिनिअमला?" त्याला जवळपास दुप्पट, म्हणाले. "तरीच," म्हणालात. कुठला तरी जुना बिघडलेला जॉब तुमच्या डोळ्यांसमोर आला असणार. त्या 'तरीच'नं मला जे वाटलं, ते पदवीच्या कागदानंही वाटलं नाही.

सध्या मी चाकणला आहे, क्वालिटीत. आमची सीएमएमची (मापं घेणाऱ्या मशीनची) खोली कायम २० अंशांवर असते, कारण मापाचं प्रमाण तापमान जगभर तेच धरलंय. लाइनवरून आलेला पार्ट आधी तिथं ठेवायचा, खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचा, मगच मोजायचा. किती वेळ ठेवायचा, त्याचा लेखी तक्ता आहे. तरी डिस्पॅचची घाई झाली की प्रॉडक्शनवाले दारात येऊन उभे राहतात, "मॅडम, घ्या ना पटकन." मी त्यांना चहाला पाठवते. काका म्हणाले होते तशी एसीतच बसते, पण ती एसी माणसांसाठी नाही, लोखंडासाठी आहे, आम्ही कुडकुडतो.

ती पिन माझ्या टेबलावर असते. नव्या ट्रेनीला पहिल्या दिवशी मायक्रोमीटर देऊन तीच मोजायला लावते. इतक्या हातांतून फिरून तुमचा लाल पट्टा आता बराच खरवडला गेलाय. दिवाळीला पलूसला येईन तेव्हा तुमच्या घरी येते. पिन सोबत आणते, रंग आणि ब्रशही माझाच. तेवढा पट्टा परत ओढून द्या.

तुमची,
टोपीत वेणी घालणारी