बाबा, तो ठिपका धुळीचा नाही

ती. बाबा आणि आईस सा. न.

परवा गुरूचा व्हिडिओ पाठवला त्यावर आईचा नुसता अंगठा आला आणि तुमचा प्रश्न, "गुरूवर काळा ठिपका कसला, लेन्स पुसत नाहीस का?" फोनवर सांगायला घेतलं तर आवाज तुटत होता, म्हणून आता सगळं लिहूनच काढते.

खरं सांगायचं तर पहिला संशय मलाही धुळीचाच आला. टेलिस्कोपचा आयपीस, म्हणजे डोळा लावतो ते भिंग, काढून फुंकर मारली आणि तीच चूक झाली, बाहेर इतकी थंडी की वाफ काचेवर जमली आणि मग ती जाईपर्यंत नुसती ताटकळत उभी. परत लावला तरी ठिपका तिथेच. मग डोक्यात आलं की माझ्या टेलिस्कोपला मोटर नाही, पृथ्वी फिरते तसा गुरू आपोआप सरकत सरकत पाऊण मिनिटात चौकटीबाहेर जातो. धूळ असती तर ती जागेवर राहिली असती आणि गुरू तिच्याखालून निघून गेला असता. पण हा ठिपका गुरूला चिकटून त्याच्याबरोबरच चाललेला! चाळीस मिनिटांनी परत बघितलं तर तो तबकडीवर चांगलाच पुढे गेलेला.

ती आयोची सावली आहे बाबा. गुरूचे जे चार मोठे चंद्र गॅलिलिओने 1610 मध्ये बघितले, त्यातला सगळ्यात आतला हा. आपल्या चंद्रापेक्षा किंचित मोठा, पण गुरूभोवतीची फेरी साडेबेचाळीस तासांत उरकतो. म्हणजे तेव्हा त्या काळ्या ठिपक्यात कोणी उभं असतं तर त्याला खग्रास सूर्यग्रहण दिसलं असतं (उभं राहायला तिथे जमीन नाही ही गोष्ट वेगळी). याच आयोची ग्रहणं (तो गुरूच्या सावलीत शिरतो ती) कधी ठरल्यापेक्षा लवकर तर कधी उशिरा होतात हे बघून 1676 मध्ये रोमर नावाच्या डॅनिश खगोलशास्त्रज्ञाने सांगितलं होतं की प्रकाशाला यायला वेळ लागतो. मला दिसली ती सावलीसुद्धा अर्ध्या तासाहून जास्त शिळी होती.

आता व्हिडिओ एवढा थरथरतो का, तर माझा हात नाही हलत, फोन क्लॅम्पने आयपीसला घट्ट बसवलेला असतो. हलते ती हवा. वाहत्या पाण्याच्या तळाशी नाणं पडलेलं असलं की कसं लांबतं, आखडतं आणि मधेच एक क्षण अगदी स्वच्छ दिसतं, तसंच. टेलिस्कोपचा आरसा 8 इंची आहे, घरातून बाहेर काढल्या काढल्या तो गरम असतो आणि त्याच्याजवळची हवाही थरथरते, त्यामुळे पहिला तासभर तर काही खरंच नसतं. आणि फोन स्वतःला फार शहाणा समजतो, सगळीकडे काळोख बघून उजेड वाढवतो आणि गुरूचा पांढरा बल्ब करून टाकतो. एक्स्पोजर लॉक करून खाली ओढलं की पट्टे दिसतात, पण मग चंद्र गायब होतात. दोन्ही एकदम मला तरी अजून जमलेलं नाही.

तो दुसरा फोटो, पट्टे स्पष्ट असलेला, तो इंटरनेटवरून उचललेला नाही हो! याच व्हिडिओचा आहे. सेकंदाला 60 फ्रेम म्हणजे 45 सेकंदांत 2,700, त्यातल्या हवा स्थिर असतानाच्या साधारण 300 सॉफ्टवेअर निवडतं आणि एकावर एक रचतं. फार लांब व्हिडिओ घेऊनही उपयोग नाही, गुरू स्वतःभोवती दहा तासांच्या आत फिरतो, त्यामुळे जास्त वेळ घेतलं की पट्ट्यांतले बारकावे फराटतात.

आईला सांगा, चंद्रावरचा झेंडा दिसत नाही. माझ्या टेलिस्कोपमधून जेमतेम एक-दोन किलोमीटरचं विवर कळतं, झेंडा कुठून दिसणार. मृगातला तेजोमेघ मात्र बघितला. फोटोत गुलाबी-लाल असतो तो डोळ्यांना राखाडीच दिसतो, कमी उजेडात डोळ्यांना रंग कळत नाहीत, आणि थेट बघण्यापेक्षा जरा बाजूला नजर टाकली की जास्त पसरलेला दिसतो. मला तो राखाडीच आवडला, का ते विचारू नका.

दादा पोरासाठी टेलिस्कोप घ्यायचं म्हणत होता ना, त्याला एवढं बजावून सांगा की पुढच्या तोंडावर सोलर फिल्टर असल्याशिवाय सूर्याकडे वळवायचा नाही, गंमत म्हणूनसुद्धा नाही. डोळा जातो.

व्हॉट्सॅपवर व्हिडिओ दाबला जातो म्हणून मूळ फाइल ड्राइव्हवर टाकलीय, टीव्हीवर लावून बघा. तिसाव्या सेकंदाला गुरू एकदम उडी मारतो, तिथे घाबरू नका, माझा गुडघा स्टँडला लागलाय. त्याच्या जरा आधी दोन सेकंद हवा थांबलीय, तिथे पॉज करा, ठिपका अगदी गोल दिसतो.

तुमची,
ताई